मदत हवी आहे: घरी केलेल्या यू-नळीने दोन कार्ब्युरेटर जुळवताना आयडलिंगला पातळी समान येते, पण वेग वाढवल्यावर बिघडते

नमस्कार. माझ्याकडे कावासाकी जीपीझेड ५०० एस आहे. ४९८ सीसीचे हे इंजिन दोन सिलिंडरांचे असून त्याला केहिनचे ३४ मिलिमीटरचे दोन सीव्ही कार्ब्युरेटर (ज्यांतील हवेची वाट उघडणारी स्लाइड इंजिनाच्या ओढीने आपोआप वर उचलली जाते) आहेत. नागपुरात ही गाडी क्वचितच दिसते आणि जोडीचे कार्ब्युरेटर नियमित हाताळणारा मिस्त्री मला अद्याप भेटलेला नाही, म्हणून जुळवणीचे, म्हणजे दोन्ही बाजूंची ओढ समान करण्याचे, काम मी स्वतःच हाती घेतले आहे. ते बरेच पुढे गेले आहे, परंतु एका ठिकाणी निर्णय करता येत नाही, आणि तेथेच जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आधी साधनाविषयी. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात, तशीच नळी इतवारीतून आणून मी ती उंच फळीवर यू आकारात बसवली आणि तिच्यात टू-टी ऑइल भरले. नळीची दोन टोके दोन्ही इनटेकच्या व्हॅक्यूम निपलांना (ओढ मोजण्यासाठीच्या छोट्या तोंडांना) जोडली की ज्या बाजूची ओढ जास्त, त्या बाजूला तेल वर चढते. पारा विषारी असल्याने त्याचा विचारही केला नाही. तेल निवडण्याचे कारण असे की एखादे टोक निसटले तर दुसरी बाजू सगळा द्रव क्षणात ओढून घेते, आणि सिलिंडरमध्ये थोडे तेल गेले तरी ते धूर करून जळून जाते. तरीही खबरदारी म्हणून दोन्ही बाजूंना वर एकेक रिकामी बाटली जोडली आहे. पेट्रोलचा कॉक व्हॅक्यूमवर चालणारा असल्यामुळे आणि जुळवणीच्या स्क्रूपर्यंत पोहोचण्यासाठी टाकी काढावीच लागत असल्यामुळे पेट्रोल वेगळ्या छोट्या डब्यातून दिले आहे.

या इंजिनाचा क्रँक १८० अंशांचा असल्याने दोन सिलिंडरांची ओढ समान अंतराने येत नाही, आणि सुरुवातीला तेल इतके हिंदकळत होते की वाचन अशक्य झाले. अशा वेळी मासे पाळण्याच्या टाकीला वापरतात ते हवेचे छोटे व्हॉल्व्ह दोन्ही नळ्यांत बसवण्याचा सल्ला सहसा दिला जातो. मी मात्र यू-नळीच्या तळाशी, तेल असलेल्या भागात, एकच चिमटा लावला. दोन वेगळे व्हॉल्व्ह नेमके सारखे उघडे ठेवणे कठीण असते आणि त्यातूनच पातळीत खोटा फरक दिसू शकतो, तर तळाशी असलेला एकच अडथळा दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो, असा माझा विचार होता. तेल आता शांत राहते. तरीही या पद्धतीत माझ्या लक्षात न आलेला दोष असेल, तर तो अवश्य दाखवावा.

आता मूळ अडचण. टॅपेटचे अंतर आधी तपासून घेतले आहे. दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळपास समान आहे, आणि चालू इंजिनाच्या इनटेक रबरांवर पाण्याचा फवारा मारला तेव्हा आयडलिंगमध्ये काही फरक पडला नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर १,२०० आरपीएमला स्क्रू फिरवून दोन्ही बाजूंचे तेल एका रेषेत आणता येते आणि तेथे ते टिकते. मात्र थ्रॉटल देऊन ३,५०० आरपीएमवर स्थिर ठेवले की उजव्या बाजूचे तेल डाव्यापेक्षा सुमारे १२ सेंटीमीटर वर जाते. नळीची टोके अदलाबदल करून पाहिली, तर फरक सिलिंडरबरोबरच गेला. म्हणजे दोष साधनात नाही.

हा फरक प्रत्यक्षात किती मोठा, याचा हिशेबही केला. कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे दोन कार्ब्युरेटरांतील फरक २.७ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे २ सेंटीमीटर, यापेक्षा कमी असावा. तेलाची घनता ०.८७ धरली तर ही मर्यादा तेलाच्या साधारण ३१ सेंटीमीटर उंचीइतकी भरते, आणि माझे १२ सेंटीमीटर म्हणजे सुमारे १ किलोपास्कल. आकड्यांनुसार काळजीचे कारण नाही. परंतु ती मर्यादा आयडलिंगसाठी आहे, आणि वर्धा रोडवर ३,५०० ते ४,००० आरपीएमच्या दरम्यान पायाखाली आणि हँडलला जाणवणारी बारीक थरथर मात्र कमी झालेली नाही.

उजवीकडे ओढ जास्त, याचा अर्थ त्या बाजूला हवेची वाट अधिक अडलेली आहे, असा मी घेतो. त्यामुळे एक शंका अशी की उजव्या कार्ब्युरेटरच्या डायफ्रॅमला (स्लाइड उचलणाऱ्या रबरी पडद्याला) बारीक चीर असावी किंवा स्लाइड अडकत असावी, म्हणून ती डाव्या स्लाइडइतकी वर उचलली जात नसावी. दुसरी शंका दोन बटरफ्लाय (थ्रॉटलने उघडणाऱ्या झडपा) जोडणाऱ्या दुव्यातील ढिलेपणाची आहे, कारण तसे असल्यास आयडलिंगला सर्व जुळलेले दिसेल आणि थ्रॉटल उघडताना एक बाजू मागे राहील. मला पहिली शंका अधिक सबळ वाटते, परंतु जुने, कडक झालेले इनटेक रबर काढताना फाटण्याची भीती असल्याने संपूर्ण जोडी बाहेर काढण्यापूर्वी खात्री हवी आहे. कार्ब्युरेटर जागेवर ठेवून, फक्त वरचे झाकण काढून डायफ्रॅम प्रकाशासमोर धरून पाहणे पुरेसे आहे का, की स्लाइड बोटाने वर उचलून ती किती सावकाश खाली येते याची दोन्ही बाजूंची तुलना अधिक विश्वसनीय ठरते?

ज्यांनी सीव्ही कार्ब्युरेटरांची जोडी स्वतः जुळवली आहे, त्यांनी अंतिम जुळवणी आयडलिंगला केली की रोजच्या वापराच्या वेगाला, हेही कृपया सांगावे. आयडलिंगला थोडा फरक राहू देऊन ३,५०० ला पातळी समान करणे मला शक्य आहे, परंतु मूळ दोष झाकून ठेवणारी जुळवणी मला करायची नाही. आणि नागपुरात कोणाकडे दोन घड्याळांचा व्हॅक्यूम गेज असेल, तर एखाद्या रविवारी माझ्या यू-नळीचे वाचन त्याच्याशी ताडून पाहता येईल का? गाडी आणि फळी घेऊन मी शहरात कोठेही येऊ शकतो.