थिकनेस प्लॅनर फळी ओढत नाही, लवकर सांगा

उंबरठा: रोलरने फळी आत ओढून पात्यांनी सारख्या जाडीची तासणाऱ्या या मशीनने दोन दिवस डोकं उठवलंय. फळी अर्ध्यावर जाऊन थांबते, रोलर नुसते फिरत राहतात. मागून ढकलली तर जाते, पण कापलेली बाजू रवाळ आणि शेवटच्या दोन इंचांत खड्डा. रविवारी बहिणीकडे टेबल पोचवायचंय.

भुसाभाई: मशीन कुठलं? लाकूड? एका वेळी किती काढताय?

उंबरठा: टेबलावर ठेवायचं, 13 इंची. साग. बाकी नेहमीसारखंच.

हातरंधा_झिंदाबाद: सुरुवातीला रंध्याचा पुढचा भाग दाबायचा, शेवटी मागचा. खड्डा पडत नाही.

भुसाभाई: अहो, ते मशीनबद्दल विचारतायत.

हातरंधा_झिंदाबाद: म्हणूनच सांगतोय. हातरंध्याला रोलरच नाही, अडकणार काय?

वखारवाला: रोलरला रॉकेलचा बोळा फिरवा. सागाचा चिकटा बसला असणार.

तासकाम: रॉकेल अजिबात नको! टेबलावरच्या मशीनला रबरी रोलर असतात, फुगतील. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरे.

वखारवाला: मी पंधरा वर्षं रॉकेलच लावतोय.

तासकाम: तुमचे लोखंडी दातेरी असतील.

वखारवाला: असतील म्हणजे, आहेतच. पण चिकटा तो चिकटाच ना.

भुसाभाई: भांडण नंतर. उंबरठा, 'नेहमीसारखंच' म्हणजे किती? सागावर अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाऊ नका. सागात सिलिका असते, धार लवकर जाते. बोथट पातं कापत नाही, झोडपतं. मग फळी अडते आणि रोलर घसरतात. फळीवर लांबीभर उठलेल्या बारीक रेघा दिसतात का?

उंबरठा: हो, तीन! ते विचारायचं राहिलंच. जुन्या घराचे वासे चिरून आणलेत, एकदोन खिळे आत राहिले होते.

भुसाभाई: धन्य आहात. हे पहिल्या ओळीत लिहायचं! पात्यांना खाचा पडल्यात. पाती दुधारी असतील तर प्लग काढा आणि उलटून लावा.

उंबरठा: दुसरी धार मागच्या वर्षीच संपवली. नवीन पाती मंगळवारी येणार.

तासकाम: पात्याची भोकं लांबट असतील तर एकच पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवा. एकाची खाच दुसरं झाकतं, रेघ जाते. खालच्या पत्र्यावर मेणबत्ती घासून फडक्याने पुसा. आत जाताना फळीचं मागचं टोक जरा उचलून धरा, बाहेर येताना पुढचं. खड्डा कमी होईल.

पॉलिशपेपर: वासे कुठे मिळाले? घनफुटाला काय भाव पडला?

उंबरठा: भोकं गोल निघाली. पण रोलर पुसले, मेण लावलं, कट अर्ध्या मिलिमीटरवर आणला, आता फळी सरसर जातेय. रेघा तेवढ्या राहिल्यात.

हातरंधा_झिंदाबाद: रेघा हातरंध्याने दोन मिनिटांत जातील. बघा, आलात की नाही माझ्याकडे?

उंबरठा: आहे घरात. त्याचंही पातं बोथट आहे.