लॅब्रॅडॉरला दोन पायांवर उभं करणं
नऊ महिन्यांच्या लॅब्रॅडॉरला मागच्या पायांवर उभं राहून नमस्कार करायला शिकवू का, असं विचारलंत. कृपा करून आत्ता नको. मोठ्या जातींच्या हाडांची वाढ साधारण १२ ते १८ महिने चालते, आणि या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक असू शकतो. उभं राहिल्यावर सगळा भार खुब्यांवर, कमरेवर येतो. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात लाद्या कायम ओलसर. पाय फाकून घसरतातच. त्याऐवजी आमच्या गुहागरात मी माझ्या कुत्र्याला ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर चालवतो, नारळाचं सोडण (वरची काथ्याची साल) लपवून हुंगून शोधायला लावतो. पोरगं खूश असतं! तुमचा कुत्रा उठताना अडखळला, पायऱ्या टाळू लागला, तर खुब्याचा एक्स-रे काढाच.