मदत हवी आहे : 'आशिया' म्हणजे खरंच 'उगवतीचा प्रदेश' का?

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांसाठी खंडांच्या नावांवर भित्तिपत्रक करतोय. बाकीचा मजकूर जवळपास तयार आहे, आशियापाशी गाडं अडलंय.

बहुतेक ठिकाणी एकच माहिती मिळते : प्राचीन इराकमधल्या अक्कडी भाषेतल्या 'असू', म्हणजे उगवणे, यावरून आशिया आणि 'एरेबू', म्हणजे मावळणे, यावरून युरोप. जोडी इतकी सुबक जमते की पुढे कुणी विचारतच नाही. मला मात्र हे पटत नाही, आणि मुलांसमोर ते सिद्ध झाल्यासारखं मांडायला मन धजत नाही.

कारण हे नाव मुळात एवढ्या मोठ्या भूभागाचं नव्हतंच. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात 'अश्शुवा' नावाचा राज्यांचा एक संघ होता. इ. स. पू. १४०० च्या सुमारास मध्य तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती लोकांचा राजा तुधलिया याने त्याचा पराभव केला. त्या राजाच्या बखरीत संघातल्या प्रदेशांची यादी आहे आणि तिच्या शेवटी येणारी विलुसिया व तरुइसा ही नावं अनेक अभ्यासक ट्रॉयशी जोडतात. १९९१ मध्ये हित्तींची राजधानी हत्तुशा इथे रस्त्याच्या कामात काशाची एक तलवार सापडली. अश्शुवा जिंकल्यावर तुधलियाने या तलवारी वादळदेवाला अर्पण केल्या, असं तिच्यावर कोरलेलं आहे. तो लेख चक्क अक्कडीत आहे आणि त्यातही अश्शुवा येतं ते एका देशाचं नाव म्हणून.

पुढचा धागाही जुळतो. ग्रीसमधल्या पायलॉसच्या मातीच्या पाट्यांवर कामकरी बायकांच्या नोंदी आहेत, त्यांत काही जणींचा उल्लेख 'अस्विया' असा वाचला जातो. ग्रीकमधला 'व' कालांतराने गळाला, की राहतं 'असिया'. होमरच्या इलियड या महाकाव्यात हे नाव येतं ते पश्चिम तुर्कस्तानातल्या कायस्त्रोस नदीकाठच्या एका कुरणाला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या काळी ग्रीक लोक ते पुराणकथेतल्या प्रॉमिथियसच्या बायकोचं नाव मानत, तर पश्चिम तुर्कस्तानातल्या लिडियाचे लोक आपल्या असिएस नावाच्या पूर्वजाचं. (जमीन एकच असताना तिला युरोप, आशिया आणि लिबिया (म्हणजे आफ्रिका) अशी तीन बायकांची नावं का दिली, हा त्याचा प्रश्न मुलांना फार आवडेल!) इ. स. पू. १३३ मध्ये त्याच भागातल्या पर्गमॉनचा राजा तिसरा अत्तालस आपलं राज्य रोमच्या नावे करून वारला आणि रोमनांनी त्या प्रांताला 'असिया' म्हटलं. म्हणजे आपलं अख्खं खंड एका किनारपट्टीच्या नावाने ओळखलं जातं.

ग्रीकमध्ये उगवतीवरून आलेलं नाव आहे, पण ते अनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियातला भाग.

आता मदत हवी आहे ती अशी. अक्कडी किंवा हिब्रू शिकलेलं कुणी इथे आहे का? 'असू'चा हिब्रू भाऊबंद 'यात्सा' आहे. ग्रीकांपर्यंत शब्द फिनिशियनांकडून (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन व्यापारी) आला म्हणावं, तर त्यांच्याकडेही सुरुवातीला 'य'च आहे. मग तो 'य' गेला कुठे? माझा हा युक्तिवाद टिकतो का, ते तपासून सांगा.

चीन-जपानमध्ये राहणाऱ्यांनाही विचारायचंय. इटालियन धर्मप्रचारक मात्तेओ रिचीच्या १६०२ च्या चिनी नकाशात 'याशीया' असं लिहिलंय, जपानीत 'आजिया' म्हणतात. त्यातल्या पहिल्या चित्राक्षराचा एक अर्थ 'दुय्यम' असाही होतो. तिथल्या लोकांना तो खटकतो, की केवळ उच्चारासाठी घेतलेलं अक्षर म्हणून कुणी लक्ष देत नाही?

आणि सर्वात जिव्हाळ्याचं : हिंदी, गुजराती, बंगालीत 'एशिया', मग मराठीत 'आशिया' कसं रुळलं? कुणाकडे एकोणिसाव्या शतकातली मराठी भूगोलाची पुस्तकं असतील तर त्यांतलं लेखन कृपया पाहून सांगा. पानाचा फोटो टाकलात तर तोच भित्तिपत्रकावर लावता येईल. पुढच्या पंधरवड्यात ते लावायचं आहे.