लाइटरूम या फोटो एडिटच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह येऊन राहिलं, एडिट गेले का?

दारव्ह्याचा_शटर
नमस्कार राजेहो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, वावर पाहतो अन् लगनसराईत फोटो काढतो. २०१६ पासूनचे अंदाजे ६० हजार फोटो ३ हार्ड डिस्कमध्ये पडून आहे, फोल्डरचे नावं "नवीन", "नवीन २", "लग्न फायनल" असे. मागच्या महिन्यात शेजारच्या गावचा पोरगा आला, त्याची आजी वारली, म्हणे दादा २०१८ ला माह्या बहिणीच्या हयदीत तुम्ही आजीचा एकटीचा फोटो काढला होता, तेरवीच्या आधी फ्रेम करायची आहे. लय रात्री जागून शोधला, सापडला तेव्हा तेरवी होऊन गेली होती. ते मनाले लागलं. म्हणून सगळं ४ टीबीच्या नव्या डिस्कवर आणलं, विंडोजमधूनच कॉपी केलं, फोल्डरले चांगले नावं देल्ले, अन् आता जुन्या डिस्क काढून लाइटरूम क्लासिक उघडलं तर डावीकडं सगळीकडं प्रश्नचिन्ह. ८ वर्षांचं एडिटिंग गेलं का? परत इम्पोर्ट करू का?

आर्वीकर
थांब भाऊ, परत इम्पोर्ट अजिबात करू नको, तसं केलं तर त्याच फोटोंची दुसरी, बिनाएडिटची नोंद होऊ शकते अन् एडिट जुन्या नोंदीवरच राहून जातात. लाइटरूममध्ये फोटो नसतात, कॅटलॉग म्हणजे तलाठ्याच्या रजिस्टरसारखा, कोणता फोटो कुठं आहे अन् त्यावर काय केलं एवढंच त्यात लिहिलेलं असते. तू घर बदललं, रजिस्टरले सांगितलं नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून "फाइंड मिसिंग फोल्डर" घे अन् नवा फोल्डर दाखव, नाव बदललं असलं तरी चालते, फक्त आतल्या फाइलींचे नावं बदलले नसले पायजे. इथून पुढं फोल्डर हलवायचा, नाव बदलायचं ते लाइटरूमच्या आतूनच कर. अन् डिस्कले विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून एक लेटर पक्कं देऊन टाक, नाहीतर कधी ई कधी एफ होते अन् परत तेच प्रश्नचिन्ह.

वरुडची_संत्रा
दादा, फोल्डरचं नाव तारखेनं सुरू करा, २०१८-०५-०६ असं, वर्ष आधी, मग गाव अन् आडनाव, म्हणजे आपोआप ओळीत लागते. पण आजीचा फोटो फोल्डरनं नाही सापडत, कीवर्डनं (लाइटरूममध्ये फोटोले जोडलेल्या शब्दानं) सापडते. अन् नुसतं "आजी" लिहून काही फायदा नाही, आजी सगळ्यांच्याच घरी असते, आडनाव, गाव अन् नवरीची आजी असं तीन कीवर्ड टाका. स्पेलिंग एकच ठेवा, मी अर्ध्या फोटोंले "हळद" अन् अर्ध्यांले "हयद" लिहून बसली होती, सर्चले ते दोन वेगळे शब्द वाटतात. मी तर अल्बम द्यायले गेली की घरच्यांजवळ बसून म्हाताऱ्या माणसांचे नावं विचारून घेते. तेव्हा १० मिनिटं लागतात, नंतर कोणाले विचारता?

अचलपूर_७१
जुन्या ३ डिस्क फॉरमॅट मारू नका. एकच ४ टीबी म्हणजे एकच जागा, पडली की संपलं. लाइटरूम बंद करताना बॅकअप विचारते तो फक्त कॅटलॉगचा असते, फोटोंचा नाही, हे लय जणांले माहीत नसते. आपल्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून फोटो सिलेक्ट करून कंट्रोल एस पण दाबत जा, एडिट अन् कीवर्ड एक्सएमपीत (फोटोजवळच राहणाऱ्या माहितीत) लिहिले जातात, कॅटलॉग खराब झाला तरी तेवढं वाचते (कलेक्शन, म्हणजे लाइटरूममध्ये आपण केलेले फोटोंचे गट, मात्र नाही वाचत). दरमहा पैसे भरणं जमत नसेल तर डिजीकॅम नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चेहरे पण ओळखते, जुने एडिट मात्र तिकडं तसेच्या तसे दिसणार नाही.

दारव्ह्याचा_शटर
आर्वीकर भाऊ, झालं! मेन फोल्डर दाखवला, काही आपोआप जुळले, बाकीचे एकेक करून दाखवले, सगळे एडिट जसेच्या तसे आहे. जुन्या डिस्क कपाटात ठेवल्या. ताईनं सांगितलं तसं २०१८ पासूनच कीवर्ड टाकाले बसलो, तर त्याच हयदीत आजीचा अजून एक सापडला, जात्याजवळ बसली आहे, हात कोपरापर्यंत पिवळे, कोणाकडं तरी पाहून हासून राहिली. व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, नाहीतर क्वालिटी जाते. सकाळी त्या पोराले फोन करतो.