बाबांच्या नावावरची ठासणीची बंदूक, आता काय करायचं?

कलमवाली, देवगड
नमस्कार. बाबा जाऊन तीन महिने झाले. त्यांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू नि छर्रे ठासून भरायची, माजघरात खुंटीवर तशीच टांगलेली आहे, खाली पत्र्याच्या डब्यात दारू नि छर्‍यांची पुरचुंडी. काल परवाना काढून बघितला तर मुदत पण संपलीय. भाऊ मुंबईला, तो म्हणतो राहू दे, आई घरात एकटीच असते. कलमं मी बघते, वांदर अर्ध्या कैर्‍या खाऊन टाकतात नि डुकरांनी सुरणाचे वाफे उकरून ठेवलेत. बंदूक माझ्या नावावर होईल का, मुलीच्या नावावर करतात का?

राजापूरकर
ताई, नावावर करायचं नंतर, आधी ती घरातून बाहेर काढा. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही, बाबा गेले त्या दिवशीच तो संपला. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 21 आहे, ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडे जमा करायची. दारू नि छर्रे पण द्या. आमच्या काकांच्या मागे दीड वर्ष माळ्यावर पडून होती, कुणाच्या मनातही काही वाईट नव्हतं, पण चौकशी आली नि चुलतभावावर केस, बिचारा अजून तारखांना जातोय. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला कमीत कमी 2 वर्षं, जास्तीत जास्त 5 वर्षं शिक्षा आहे हो. तेव्हा उद्या आधी ठाण्यात फोन करा, पोलीस पाटलांना सोबत घ्या, एकटीने गाडीवर टाकून नेऊ नका. आणि ती भरलेली आहे का हे जाणत्या माणसाकडून बघून घ्या, जुनी माणसं भरून ठेवायची, बार ठासायचा गज नळीत सोडला नि पूर्ण आत गेला नाही तर बार आत आहे समजायचं. तुम्ही हात लावू नका. जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

कुडाळचो वकील
वरचं सगळं बरोबर. मुलीच्या नावावर का नाही होणार, तुम्ही वारसच आहात, वय 21 पूर्ण पाहिजे एवढंच. 2016 च्या शस्त्र नियमांत नियम 25 वारसांसाठी आहे, अर्ज जिल्हाधिकार्‍यांकडे नमुना ए-1 मध्ये. मृत्यूचा दाखला, बाबांचा मूळ परवाना, सातबारा, जमा केल्याची पावती, नि आई आणि भावाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडा, भाऊ गणपतीला येईल तेव्हा सही घेऊ असं करत बसू नका, वर्ष जातं. मग पोलिसांचा अहवाल मागवतात. परवाना मिळाला की आता 5 वर्षं चालतो, आधी 3 होती.
आणि इतर वाचणार्‍यांना सांगतो, वडील हयात असतानाच हे करता येतं. त्यांचं वय 70 झालं किंवा बंदूक 25 वर्षं त्यांच्याकडे असली तर ते स्वतः वारसाचं नाव देऊ शकतात. आमच्याकडे असं बोलणं अशुभ वाटतं म्हणून कोण विषय काढत नाही नि मागच्यांचे हाल होतात.

तिलारीकाठ
ताई, शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. वन्यजीव कायदा 1972 चा वेगळा आहे, डुकराला मारायला वनखात्याची परवानगी लागते, गवा आणि आमच्याकडचे हत्ती यांच्याकडे तर बंदूक वळवायची पण नाही. हवेत बार काढून हुसकावणं एवढाच तिचा उपयोग धरा. भाऊ सुट्टीला आला म्हणून एकटा घेऊन बागेत फिरला तर तेही चालत नाही, परवाना ज्याच्या नावावर तो सोबत पाहिजे.
निवडणुकीत जमा करायला सांगतात, ऐन हंगामात बाग उघडी पडते, हा आमचा कायमचा त्रास. पण मुंबई हायकोर्टाने 2009 मध्ये सिंधुदुर्गातल्याच केसमध्ये सांगितलंय की सरसकट सगळ्यांच्या काढून घेता येत नाहीत, बंदुका कुणाच्या जमा करायच्या हे ठरवणार्‍या समितीने प्रत्येकाचं प्रकरण बघायला हवं. नोटीस आली की मुदतीत लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

कलमवाली, देवगड
सगळ्यांचे खूप आभार. शेजारचे आबा बघून गेले, गज चार बोटं वरच राहिला, म्हणजे भरलेलीच होती, आई रोज तिच्याखाली झोपायची. ठाण्यात फोन केलाय, सकाळी पोलीस पाटील येतायत. पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घेतात ना?

राजापूरकर
हो, नंबर नि परवाना क्रमांक दोन्ही लिहून घ्या, नि परवान्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा.