मिठाच्या कणकेचे तारे फुगतात, त्यावर उपाय

मैदा-मिठाच्या कणकेचे, सजावटीसाठी टांगायचे तारे भाजताना फुगत असतील तर ओव्हन जास्त तापवून पटकन भाजा, असा सल्ला काही जण देतात. त्याने उलट जास्त फुगतील. वरचा थर आधी कडक होतो आणि आतली वाफ कोंडते, म्हणून फोड येतात. 100 अंशांवर दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून, नुसते वाळवायचे. नंतर ते मऊ पडतात कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं. वार्निश दोन्ही बाजूंना, कडांना आणि दोऱ्याच्या भोकातही लागलं पाहिजे.

पण पांढरेशुभ्र तारे हवे असतील तर सोड्याची माती करा, तिला ओव्हन लागतच नाही. 2 वाट्या खाण्याचा सोडा (धुण्याचा नव्हे, बेकिंग पावडरही नव्हे), 1 वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. गार असतानाच गुठळ्या मोडा, मग मध्यम आचेवर सतत ढवळा. बराच वेळ पातळच राहतं आणि मग एकदम घट्ट होतं. कुस्करलेल्या बटाट्यासारखं दिसलं की लगेच उतरवा. जास्त शिजलं तर लाटताना भेगा पडतात. ओल्या फडक्याखाली गार करून मळा, 5 मिलिमीटर जाड लाटा, भोक स्ट्रॉने आत्ताच पाडा. जाळीवर सावलीत एक-दोन दिवस, उलटसुलट करत. उन्हात ठेवलं की कडा वर वळतात. घरात कुत्रं असेल तर दोन्ही प्रकार उंचावरच टांगा. एवढं मीठ किंवा सोडा त्याच्या पोटात जाणं धोक्याचं असतं.