गरिबी एवढंच कारण नाही

अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळं जास्त दगावतात ती गरिबीमुळे, त्यात हॉस्पिटलचा काय दोष, असं वरच्या दोन-तीन प्रतिसादांत आलंय. मला पटत नाही. 2022 साली तिथे हजार जन्मांमागे गोरी साडेचार, तर कृष्णवर्णीय जवळपास अकरा बाळं वर्षाच्या आत गेली. उच्चशिक्षित कृष्णवर्णीय आयांच्या बाळांनाही हा धोका चुकलेला नाही.

एनआयसीयूचंच, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचंच बघा. दीड किलोच्या आतल्या बाळाला आईचं दूध म्हणजे औषधच. आतड्यांच्या जीवघेण्या आजाराचा धोका त्याने बराच कमी होतो. पण बाळंतपणानंतर काही तासांतच दूध काढायचा पंप आईच्या हातात देऊन, शेजारी बसून शिकवणारी नर्स लागते. कृष्णवर्णीय बाळं जास्त असतात त्या हॉस्पिटलांत नर्सच अपुऱ्या, हे अभ्यासांत दिसलंय. त्यात भरपगारी बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदा नाही. आई कामावर, बाळ हॉस्पिटलात काचेच्या पेटीत. वर 'आई भेटायलाच येत नाही' असा ठपका! याची फार चीड येते.

शिवाय रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकतो. हे यंत्र आपल्याकडच्या नवजात कक्षांतही सर्रास वापरतात, तेव्हा इथल्या बालरोगतज्ज्ञांनी यावर जरूर लिहावं.